उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही

साधना आमच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा तिच्याकडे ती सायकल नव्हती. तशीच राहिली असती तर बरं झालं असतं. पण हे मी आज म्हणतोय. त्या वेळी त्या सायकलीचं सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं होतं, तेही वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत प्रत्येकाला थांबवून.

मी आत्माराम. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत चोवीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पाइपला केसाएवढी चीर दिसली तरी मी तो बाजूला काढायचो, मग मॅनेजर नाचो नाहीतर कुदो. आता निवृत्त आहे. मुलाच्या व्हिसावर, दुबईच्या करामा भागातल्या मुलाच्या घरात मी आणि माझी बायको सविता राहतो. काम नाही, पण तपासणीची सवय काही सुटलेली नाही. बिल्डिंगमधल्या मराठी घरांत गणपती कसा बसवायचा, सत्यनारायणाला काय लागतं, ग्रहणात काय चालत नाही, हे सगळे मला विचारतात. कोणी नाही विचारलं तरी मी सांगतो.

साधना समोरच्या खोलीत. एकच मोठी खोली, एका कोपऱ्यात ओटा, मागे बाथरूम आणि पुढे एकच दार. नवरा विजयकुमार हमरियातच एका गोदामात सुपरवायझर. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि दिवेलागणीनंतर सोडायची. पाच वर्षांची ईश्वरी दिवसभर आईच्या मागे मागे. साधना पोळीभाजीचे डबे करायची. सुरुवातीला आठ, मग पंधरा, मग पस्तीस. करामातले एकटे राहणारे नोकरदार तिच्या पोळीवर जीव टाकायचे. ती दोन्ही हातांत पिशव्या आणि पाठीवर ईश्वरी अशी चालत डबे पोचवायची. तिचे खांदे पाहून सविता हळहळायची.

मग एक दिवस ती सायकल आली. मिसेस मोरी नावाच्या जपानी बाई देश सोडून निघाल्या होत्या, त्यांनी जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात दिली होती. अशी सायकल मी जन्मात पाहिली नव्हती. बुटकी चाकं, मजबूत सांगाडा, पुढे भला मोठा क्रेट, मागे लहान मुलासाठी पट्ट्यांची खुर्ची, आणि सीटखाली किल्लीने निघणारी बॅटरी. पायडल मारलं की मोटर आपणहून जोर द्यायची. बाई म्हणे जपानमध्ये दोन मुलं आणि आठवड्याचा बाजार एका खेपेत आणायच्या. सायकल देऊन झाल्यावर त्यांनी सायकलीपुढे वाकून नमस्कार केला, ते पाहून साधनाला गहिवरून आलं. जाताना फोनवर भाषांतर करून त्या एवढंच म्हणाल्या की बॅटरीला ऊन दाखवू नका.

आता दुबईत ऊन दाखवू नका म्हणजे काय करायचं? सायकल लिफ्टमध्ये मावत नव्हती. बिल्डिंगच्या सावलीत गाड्या उभ्या, म्हणून सायकलीच्या वाट्याला कचऱ्याच्या पेट्यांशेजारची उघडी जागा; बॅटरी वर यायची ती फक्त रात्री चार्जिंगला. डबे पोचवताना ती दर दाराशी दहा-दहा मिनिटं भर उन्हात उभी राहायची. जून, जुलै, ऑगस्ट असेच गेले. सीटवर हात ठेवला तर चटका बसायचा.

पण त्या तीन महिन्यांत साधना खुललीही. क्रेटमध्ये डब्यांची रांग, मागे टोपी घातलेली ईश्वरी, आणि ही गल्लीगल्लीतून घंटी वाजवत चाललेली. लोक फोटो काढायचे. मी गॅलरीतून ओरडायचो, "ईश्वरी, आईला म्हणावं हळू!" ती खालून ओरडायची, "आजोबा, वी आर नॉट स्लो पीपल!" मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. मी रागवायचो आणि मनातून खूश व्हायचो. मला नात नाही.

सप्टेंबरात मोटर अडखळायला लागली. साधनाने सायकल मागच्या गल्लीतल्या शौकतकडे नेली. शौकत मुलतानचा, सायकल दुरुस्तीत वीस वर्षं घालवलेला, कमी बोलणारा माणूस. मीही बरोबर गेलो होतो, कारण मी नसताना कोणी काही तपासावं हे मला पटत नाही. त्याने बॅटरी काढली, हातात तोलली आणि बाजूने नजर लावून पाहिली. खोक्याची एक बाजू किंचित वर आली होती. जेवल्यावर माणसाचं पोट येतं, तेवढीच.

"भाभी, ये फूल गई है," तो म्हणाला. "नई मँगवाता हूँ, तीन हफ़्ते लगेंगे. तब तक चलाना ही है तो आधी चार्ज करना, फुल कभी नहीं. और दरवाज़े के पास मत रखना."

"दरवाज़े के पास क्यों नहीं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अंकल, आग लगे तो निकलोगे किधर से?"

मला त्याचा सूर आवडला नाही. येताना मी साधनाला म्हणालो की या लोकांना नवा माल खपवायचा असतो. घरी गेल्यावर मात्र तिने बॅटरी ओट्याखाली नेऊन ठेवली आणि रोज अर्धीच भरायला लागली. अर्ध्या बॅटरीत सगळे डबे व्हायचे नाहीत. मग शेवटच्या दोन गल्ल्या ती तसंच जड पायडल मारत जायची. ही बाई शहाणी होती, हे मला लिहिताना ठासून सांगायचं आहे. तिला सगळं कळत होतं.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. साधनाने श्रीखंडपुरीच्या साठ डब्यांची ऑर्डर घेतली होती. दुपारी दीडपर्यंत सगळे पोचायला हवे होते. शुक्रवारी संध्याकाळी ती आमच्याकडे विचारायला आली, "काका, उद्या सायकलची पूजा करायचीय. ती तर खाली कचऱ्यापाशी. तिथे कशी करू?"

मला तोडगा सुचला आणि तो सुचल्याचा केवढा आनंद झाला! मी म्हणालो, "सायकल खाली राहू दे. बॅटरी वर आण. सायकलचा जीव तोच. तिची पूजा करू."

"चालेल?"

"मी सांगतोय ना. आणि हो, पूर्ण भरून ठेव. कलश आपण रिकामा ठेवतो का? पूजेत अर्धवट काही नको."

"शौकतभाई फुल करू नका म्हणालेत."

"अगं, एका रात्रीनं काय होतंय? सणाचा दिवस आहे."

"बरं काका," ती म्हणाली.

सकाळी मी धोतर नेसून, पंचांग घेऊन समोर गेलो. सविता मुलाबरोबर देवळात गेली होती. विजयकुमारला शनिवारीही कामावर जावं लागलं होतं. साधनाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, पलंगावर, जमिनीवर डबेच डबे. मोकळी जागा होती ती दाराशी. तिथेच पाट मांडला, रांगोळी काढली आणि पाटावर बॅटरी ठेवली. रात्रभर भरून ती आणखी फुगली होती. खोक्याची शिवण एका बाजूला उकलली होती आणि नखभर फट दिसत होती.

मी ती फट पाहिली. चोवीस वर्षं मी फटीच पाहत आलोय. ती पाहिली आणि तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. ईश्वरी नवा परकर-पोलका घालून हात जोडून बसली होती. बॅटरीतून गोडसर, औषधासारखा वास येत होता. मला वाटलं उदबत्तीचा असेल. आरती झाली, आणि मग मी तो नियम सांगितला. "हे तुझं कामाचं साधन आहे. पाटी-पुस्तकं, हत्यारं पूजेला मांडली की उत्तरपूजेपर्यंत हलवायची नसतात. उद्या सकाळी अक्षता टाकून मी उत्तरपूजा करीन. तोवर हिला हात नाही लावायचा."

साधनाचा चेहरा पडला. "काका, साठ डबे आहेत."

"मोटरशिवाय ने. नाहीतर अर्धे उद्या दे. पोरी, एक दिवस तरी बस की जरा!"

मला खरंच वाटत होतं की तिने एक दिवस बसावं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हे मी सुटका करून घ्यायला सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

ती पुन्हा म्हणाली, "बरं काका."

तिने पूजेचा फोटो काढला आणि दसऱ्याच्या शुभेच्छा म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. शौकतलाही गेला. अकराच्या सुमाराला जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. दार उघडंच होतं. शौकत उंबऱ्याबाहेर उभा, कपाळावर घाम, हातात वाळूने भरलेली पत्र्याची बादली.

"भाभी, फोटो में देखा. और फूल गई है. दे दो, मैं नीचे ले जाता हूँ, खुले में रखूँगा."

त्याने उंबरा ओलांडला नाही. पूजा मांडलेली पाहून त्याने आधीच चपला काढल्या होत्या. साधना पुढे झाली होती, तिचा हात निघालाही होता. मी मध्ये उभा राहिलो.

"आज नहीं शौकतभाई. पूजा में रखी है. कल सुबह आठ बजे ले जाना."

"अंकल, इसका भरोसा नहीं."

"एक रात में क्या होता है? हमारे यहाँ पूजा की चीज़ बीच में नहीं उठाते."

तो साधनाकडे पाहत राहिला. साधना माझ्याकडे पाहत होती. त्या वेळी मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. मी हाताची घडी घालून उभा होतो.

"कल दे दूँगी भाई," साधना म्हणाली.

शौकतने मान खाली घातली. "आपके धर्म का मामला है, मैं क्या बोलूँ." बादली त्याने दाराबाहेर ठेवली. "ये इधर रहने दो. और बच्ची को अकेला मत छोड़ना." मग चपला घालून तो गेला. मला आठवतं, मी हसून म्हणालो होतो, "बघ, कसा घाबरवतो!"

पावणेबाराला साधना निघाली. मोटर नाही, साठ डब्यांचं ओझं, त्यात मागे ईश्वरीला बसवणं शक्य नव्हतं. ती सायकल हातानेच ढकलत नेणार होती. ईश्वरी पहाटेपासून जागी, पलंगावरचे डबे उचलल्यावर मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात तिला झोप लागली होती.

"काका, हिच्यापाशी बसाल? एरवी पाऊण तासात येते, आज दीड तास लागेल."

"निर्धास्त जा," मी म्हणालो. तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि बॅटरीकडे एकदा पाहिलं. रांगोळीला धक्का लागू नये म्हणून ती भिंतीला चिकटून, बाजूने बाहेर पडली.

मी बसलो. अर्धा तास खरंच बसलो. मग मला भूक लागली. साधनाने माझं ताट आमच्या घरात झाकून ठेवलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि समोर गेलो. दहा पावलं. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. जेवल्यावर खुर्चीत टेकलो. एसी गार होता. मला डुलकी लागली.

आगीचा अलार्म वाजला तेव्हा मला ऐकू आला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये तो आठवड्यातून एकदा उगाच वाजतो. कोणीतरी मासे तळतं, कोणीतरी बाथरूममध्ये सिगारेट ओढतं. मी डोळे मिटूनच म्हणालो, बंद होईल. तो बंद झाला नाही. मग शिटीसारखा आवाज आला, कुकरच्या शिटीपेक्षा कितीतरी बारीक आणि लांब, आणि मागोमाग धाड धाड धाड.

मी दार उघडलं तर पॅसेज काळा. समोरच्या दाराच्या फटीतून पांढरा धूर जोराने बाहेर येत होता. किल्ली घातली, फिरवली, दार ढकललं, आणि ज्वाळा माझ्या तोंडावर आली. पाट जळत होता, त्यावरची ती वस्तू ठिणग्या उडवत फुटत होती, आणि ती दारातच होती. आत जायला तीच वाट, बाहेर यायला तीच. मी बादलीतली वाळू फेकली. ती अर्धी माझ्याच पायावर पडली. मी ईश्वरीला हाका मारल्या. आतून "आजोबा!" असं एकदा आलं. एकदाच. मी पुढे पाऊल टाकलं आणि धोतर पेटलं, मग कोणीतरी मला मागे ओढून जिन्यात नेलं. मी आणखी एक पाऊल टाकू शकलो असतो का? मला माहीत नाही. मी टाकलं नाही.

सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाची, माणसं काही मिनिटांत आली. ईश्वरी बाथरूममध्ये सापडली. तिने आत जाऊन दार लावून घेतलं होतं आणि नळ सोडला होता. अंगाला कुठे भाजलं नव्हतं. परकर ओला होता. जवानाने तिला खांद्यावर घेऊन खाली नेलं तेव्हा मला वाटलं, वाचली.

साधना तेव्हाच कोपऱ्यावरून वळत होती. क्रेट रिकामा होता, साठच्या साठ डबे पोचवून आली होती. तिने गर्दी पाहिली, धूर पाहिला. तिने हातातली सायकल तशीच सोडली आणि सायकल रस्त्यात आडवी पडली.

ईश्वरी चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. धूर फुप्फुसात गेला होता. नळ्या, मशीन, काचेपलीकडे विजयकुमार. डॉक्टर रोज इन्शाल्ला म्हणायचे आणि रोज आवाज थोडा उतरायचा. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आग कशाने लागली? मी म्हणालो, बॅटरीने. त्यांनी तसं लिहून घेतलं. ते खोटं नव्हतं. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणाले, इथला उन्हाळाच तसा. कोणी म्हणालं, जुना माल घ्यायलाच नको होता. विजयकुमार स्वतःला दोष देत राहिला, कारण जाहिरात त्याने शोधली होती. शौकत येऊन भेटून गेला. त्याला सगळं माहीत होतं. माझ्याकडे त्याने पाहिलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्याने सांगायला हवं होतं. चारचौघांत माझी गचांडी धरायला हवी होती.

सवितालाही मी पूर्ण सांगितलं नाही. मी जेवत नाही, झोपत नाही, हे पाहून ती म्हणायची, "तुम्ही भाजलात तिच्यासाठी. आणखी काय करणार होतात?" माझ्या पायाच्या पट्ट्या ती रोज बदलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मी दाखवू द्यायचो.

तेराव्यानंतर साधना आणि विजयकुमार कायमचे परत निघाले. खाली टॅक्सी उभी होती. विजयकुमार बॅगा घेऊन लिफ्टची वाट पाहत पॅसेजच्या टोकाला थांबला होता. साधना आमच्या दाराशी निरोप घ्यायला आली. सविता आत तिच्यासाठी डबा बांधत होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"साधना," मी म्हणालो, "तो नियम खरा नव्हता. वाहनाला उत्तरपूजेपर्यंत थांबायचं नसतं. पाटी-पुस्तकांना थांबतात. वाहन तर पूजा झाली की चालवायचं असतं. मला ठाऊक होतं. तू एक दिवस बसावीस म्हणून मी सांगितलं. आणि मग शौकत आला, तेव्हा मला मागे घेता आलं नाही."

मला वाटलं ती ओरडेल, मारेल. ती माझ्याकडे शांतपणे पाहत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मला माहीत होतं काका," ती म्हणाली. "माझे बाबा कागलला टेम्पो चालवायचे. दसऱ्याला पूजा झाली की आम्हा पोरांना मागे बसवून लगेच गावाला फेरी. उत्तरपूजा कधीच नव्हती. तुम्ही म्हणालात तेव्हाच मला कळलं की असं काही नसतं."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस, पोरी?"

"तुम्ही मोठे," ती म्हणाली. "सणाच्या दिवशी, तिसऱ्या माणसासमोर, तुमचा शब्द कसा खाली पाडायचा?"

पॅसेजच्या टोकाहून विजयकुमारने हाक मारली. साधनाने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि मी मागे सरकायच्या आत खाली वाकून माझ्या पट्ट्या बांधलेल्या पायांना हात लावला. मोठ्या माणसाने अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं. मला एक शब्द आठवला नाही. ती तशीच थोडा वेळ वाकून राहिली, मग उठली आणि लिफ्टकडे गेली.